न मांडलेला हिशोब

व्यापारी घरांत काही शब्द जाणीवपूर्वक टाळले जातात. रात्री शटर खाली ओढताना ‘दुकान बंद केले’ असे कोणी म्हणत नाही. दुकान ‘वाढवायचे’ असते किंवा ‘मंगल’ करायचे असते. पिढ्यान्‌पिढ्या ही रीत पाळत आलेल्या आपल्या समाजाला २०२० च्या मार्च महिन्यापासून ‘बंद’ हाच एक शब्द दिवसातून शंभरदा ऐकावा आणि उच्चारावा लागला.

२० मार्च रोजी राज्य शासनाने मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर येथील जीवनावश्यक वस्तूंखेरीज इतर दुकाने बंद ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. २२ मार्चला जनता संचारबंदी झाली. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता देशभराच्या २१ दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवशी उजाडला तो गुढीपाडवा. व्यापाऱ्याच्या दृष्टीने याहून अवघड आठवडा शोधूनही सापडला नसता. मार्चअखेर म्हणजे वसुलीचा काळ. वर्षभराची येणी याच दिवसांत गोळा व्हायची आणि त्यातूनच देणी भागवायची. कापड, सराफी, भांडी, फर्निचर या व्यवसायांत तर एप्रिल-मेच्या लग्नसराईचा माल फेब्रुवारीतच ६० ते ९० दिवसांच्या उधारीवर भरून ठेवलेला. तो माल कुलपाआड राहिला, लग्नसराई निघून गेली आणि उधारीची मुदत तेवढी आपल्या वेळेवर येऊन उभी राहिली.

त्यातही एकवीस दिवस हे एकवीस राहिलेच नाहीत. १४ एप्रिलचे ३ मे झाले, ३ मेचे १७ मे, मग ३१ मे. प्रत्येक तारखेला घरोघरी आशेने तयारी व्हायची, नोकरांना फोन जायचे, किल्ल्या काढून ठेवल्या जायच्या आणि प्रत्येक वेळी त्या पुन्हा कपाटात जायच्या. जूनमध्ये दुकाने उघडली ती एक दिवस रस्त्याची ही बाजू, दुसऱ्या दिवशी ती बाजू अशी. ‘आज आपली बाजू आहे का?’ हा प्रश्न सकाळी चहाबरोबर विचारला जाऊ लागला. पुण्यात तर १३ ते २३ जुलै अशी पुन्हा दहा दिवसांची टाळेबंदी झाली. झालेला तोटा माणूस कसाही पचवतो, परंतु किती तोटा होणार आहे हेच न कळणे त्याला आतून पोखरते. व्यापारी मनुष्य तर आयुष्यभर अंदाजावर जगलेला. पावसाचा, भावाचा, गिऱ्हाइकाच्या नजरेचा अंदाज बांधणे हेच त्याचे कौशल्य. या चार महिन्यांत नेमके तेच निकामी झाले.

रोगाविषयी या काळात भरपूर लिहिले-बोलले गेले. काढा, वाफ, हळद, मुखपट्टी यांवरचे संदेश तर एकाच घरात सात जणांना सात ठिकाणांहून आले. मनाविषयी मात्र आपण फार थोडे बोललो, आणि व्यापारी घरांत तर त्याहून थोडे. त्याला एक कारण आहे. आपले सारे व्यवहार ‘पत’ या एका गोष्टीवर उभे असतात. ‘अमुक शेठ हल्ली खचले आहेत’ ही बातमी बाजारात पोहोचली, की माल देणारा हात आखडता घेतो, आधीचे पैसे मागतो, घरात लग्नाचे पाहत असतील तर तिथेही कुजबूज होते. म्हणून मन कितीही थकले तरी चेहरा गल्ल्यावर बसल्यासारखाच ठेवायचा, ही शिकवण आपल्याकडे न शिकवता मिळते. बाजारासाठी ती योग्यही असेल. पण टाळेबंदीत बाजार उरला नव्हता, उरले होते घर. आणि चेहरा मात्र तोच राहिला.

छातीतील धडधड

माझ्या परिचयातील एक कापड व्यापारी, वय बावन्न-त्रेपन्न. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या छातीत धडधड सुरू झाली. हातांना घाम, पोटात सतत आग. ओळखीच्या डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढून घेतला, तो निर्दोष निघाला. आम्लपित्ताच्या गोळ्या सुरू झाल्या. रात्री दहाला झोपणारे हे गृहस्थ साडेतीनला जागे व्हायचे आणि बाल्कनीत जाऊन बसायचे. घरच्यांनी समजूत करून घेतली, की करोनाची धास्ती घेतली आहे. म्हणून बातम्या बंद केल्या, नवकार मंत्राची ध्वनिफीत लावली, बदामाचे दूध सुरू केले. गुण येईना.

खरे कारण करोना नव्हतेच. चाळीस लाखांचा माल उधारीवर भरलेला होता आणि तो आकडा त्यांनी घरात कोणालाही सांगितलेला नव्हता. त्यांच्या वडिलांचा दंडक होता, पेढीची गोष्ट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आणायची नाही. मुलगा धंद्यात नवा, त्याच्यासमोर खचलेले दिसायचे नाही. भावांशी वाटणी झालेली, त्यांच्यासमोर तर मुळीच नाही. महिना-दीड महिना हा माणूस सात जणांच्या घरात दिवसाचे चोवीस तास सर्वांच्या नजरेसमोर होता आणि संपूर्ण एकटा होता.

मे महिन्यात एका पहाटे पत्नी उठून त्यांच्याशेजारी बाल्कनीत येऊन बसली आणि त्यांनी तो आकडा सांगून टाकला. तिचे उत्तर त्यांनीच मला नंतर फोनवर ऐकवले. “निम्मं मला कळलंच होतं. तुम्ही रोज पहाटे इथे येऊन बसता ते काय करोनासाठी?” दुसऱ्या दिवशी दोघांनी आणि मुलाने मिळून एका कागदावर सारे मांडले. कोणाला किती देणे, कोणाकडून किती येणे, त्यातले खरोखर येण्यासारखे किती, दुकानातील चार माणसांचे पगार, घरखर्च, मुदतठेवी, विम्याचे हप्ते. कर्जाचा एक रुपयाही त्या दिवशी कमी झाला नाही. पण त्या रात्री ते पाच तास झोपले. पुढे डॉक्टरांची आणि औषधाची मदत त्यांना घ्यावी लागलीच. नुसत्या बोलण्याने सारे निवळले असे मी म्हणणार नाही. परंतु उपचाराची सुरुवात त्या कागदापासून झाली, हे नक्की.

यात चमत्कार काही नाही. आकडा मनात असतो तेव्हा त्याला कडा नसतात. पहाटे साडेतीनला चाळीस लाख हे चाळीस लाख नसतात, ते दिवाळे असते, मोडलेले लग्न असते, वडिलांचे धुळीला मिळालेले नाव असते. कागदावर उतरला की तो पुन्हा आकडा होतो, आणि आकड्याशी काय करायचे हे व्यापाऱ्याला जन्मापासून ठाऊक असते. कोणाला मुदत मागायची, कोणाचे अर्धे द्यायचे, कोणता माल पडेल किमतीला काढायचा, या गोष्टी तिथून पुढे सुचू लागतात. रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत सवलत दिली होती, तीसुद्धा असा कागद समोर ठेवूनच तपासायची होती. सवलतीच्या काळातही व्याज चढतच होते. ज्याला हप्ता झेपत होता त्याने केवळ सर्वजण घेतात म्हणून ती घेणे शहाणपणाचे नव्हते, आणि ज्याला झेपत नव्हता त्याने केवळ लाजेपोटी ती टाळणेही नव्हते.

मानसोपचारात एक साधा उपाय सांगितला जातो, तो आपल्या लोकांना पटकन पटतो. चिंतेसाठी दिवसातील अर्धा तास ठरवून घ्यायचा. तो शक्यतो सायंकाळी असावा, पण झोपण्याच्या अगदी आधी नसावा. दिवसभरात जी जी काळजी डोके वर काढील ती एका वहीत एका ओळीत टिपायची आणि तिला सांगायचे, तुझी वेळ सहाची. सहा वाजता वही उघडून एकेक नोंद पाहायची. जिच्याविषयी आज काही करता येईल तिच्यापुढे ते लिहायचे, जिच्याविषयी करण्यासारखे काही नाही तिच्यापुढे रेघ मारायची. रोजमेळ लिहिणाऱ्या माणसाला यापेक्षा अधिक समजावून सांगावे लागत नाही. व्यवहार झाला की रोजमेळात उतरवायचा, डोक्यात ठेवायचा नाही, हे तर मुनीम पहिल्याच दिवशी शिकवतो.

दुपारी दोन ते चार

टाळेबंदीत पुरुषांना सक्तीची सुट्टी मिळाली. स्त्रियांची होती नव्हती ती सुट्टीही गेली. मोलकरीण येणे थांबले आणि दहा वाजता दुकानात जाणारी माणसे दिवसभर घरात राहिली. सकाळचा नाश्ता, दुपारचे जेवण, चारचा चहा आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण. यातली शेवटची गोष्ट अनेक घरांत आनंदाचीही ठरली. दुकानामुळे ज्यांचा चौविहार कधी साधला नव्हता, त्यांचा तो आयुष्यात प्रथमच सलग अडीच महिने साधला. हिरवी भाजी मिळेना तेव्हा आपल्या स्वयंपाकघरांनी फारशी तक्रार केली नाही. कांदा-बटाटा तसाही वर्ज्य आणि अष्टमी-चतुर्दशीला हिरव्याचा त्याग ठरलेला. त्यामुळे गट्टे, पापडाची भाजी, मुगवड्या, कैर-सांगरी यांची बेगमी डब्यांत असतेच. स्वयंपाकाच्या कष्टांना आपल्या घरच्या स्त्रिया डगमगल्या नाहीत. त्यांचे जे हरवले ते वेगळेच होते, आणि ते हरवल्याचे घरात कोणाच्या लक्षातही आले नाही.

दुपारी दोन ते चार ही वेळ व्यापारी घरातील गृहिणीची स्वतःची असते. पुरुष दुकानात, मुले शाळेत किंवा क्लासला, सासूबाई पडलेल्या. त्या दोन तासांत ती माहेरी फोन करते, मैत्रिणीशी बोलते, स्थानकात किंवा महिला मंडळात जाऊन येते, कधी नुसती खिडकीशी बसते. टाळेबंदीत ही वेळ नाहीशी झाली. घरात सतत कोणीतरी असल्यामुळे आईला फोन लावला तरी ‘सगळं ठीक आहे’ एवढेच बोलता येऊ लागले. बिबवेवाडीत राहणाऱ्या एका विवाहितेने मला सांगितले, की दोन महिने ती गच्चीत वाळवणाच्या निमित्ताने जाऊन आईशी बोलत होती. “पापड इतके झालेत, की दिवाळीपर्यंत पुरतील,” असे म्हणून ती हसली. त्या हसण्यामागे काय आहे हे तिच्या घरातील किती जणांना कळले असेल, मला शंका आहे.

म्हणून माझी एक साधी मागणी आहे. घर कितीही लहान असो, घरातील प्रत्येक स्त्रीला रोज एक तास आणि एक बंद दार मिळाले पाहिजे. त्या तासात ती काय करते, कोणाशी बोलते, हे विचारायचे नाही. त्या तासाचा चहा दुसऱ्या कोणीतरी करायचा. एप्रिलमध्ये ज्यांनी कौतुकाने भांडी घासली आणि तसे फोटोही पाठवले, त्यांतील बरेच जण आपली बाजू उघडताच पुन्हा ताटावर बसून ‘मीठ आणा’ म्हणू लागले, हेही जाता जाता नोंदवून ठेवते.

आणि एक गोष्ट कटू असली तरी लिहिली पाहिजे. दाबून ठेवलेली काळजी काही घरांत रागाच्या रूपाने बाहेर पडली आणि तो राग बहुतेक वेळा सर्वांत दुबळ्या व्यक्तीवर निघाला. राष्ट्रीय महिला आयोगाला टाळेबंदीच्या काळात घरातील छळाच्या तक्रारींसाठी एप्रिल महिन्यात वेगळा व्हॉट्सअॅप क्रमांक सुरू करावा लागला. ‘आपल्या समाजात असे नसते’ हे वाक्य अशा वेळी कोणाच्याही उपयोगाचे नसते.

न झालेली बैठक

घरातील वडीलधाऱ्यांविषयी आपण एक गृहीत धरले, की त्यांना काय, ते तसेही घरीच असतात. वस्तुतः सकाळचे स्थानक हेच अनेकांचे जग असते. प्रवचन तर असतेच, पण त्याआधीची आणि नंतरची दहा मिनिटे, जिन्यावरची विचारपूस, ‘काल दिसला नाहीत’ हे शब्द, यांवर त्यांचा दिवस उभा असतो. ६ एप्रिलची महावीर जयंती शोभायात्रेविना गेली, २६ एप्रिलच्या अक्षय तृतीयेला वर्षीतपाची पारणी ज्याच्या त्याच्या घरी झाली, चातुर्मास सुरू झाला तरी स्थानकाचे दार लोटलेलेच होते. सामायिक घरीही करता येते, आणि ४८ मिनिटे फोन दूर ठेवून एका जागी बसण्याचा लाभ आजच्या डॉक्टरांनाही समजावून सांगावा लागणार नाही. पण शेजारी बसून सामायिक करणारा मित्र घरी मिळत नाही. नातवंडांनी आजोबांना फोनवर प्रवचन लावून दिले, हे उत्तम केले. त्याच बरोबर त्यांच्या चार-पाच सोबत्यांना रोज ठरलेल्या वेळी एकत्र फोन जोडून दिला, तर त्याचा उपयोग प्रवचनाहून कमी होणार नाही.

सर्वांत खोल जखम त्या घरांना झाली जिथे या काळात मृत्यू झाला. कारण करोना असो वा नसो, अंत्ययात्रेला वीसपेक्षा अधिक माणसे नकोत असा नियम होता. मुलगी सासरगावाहून येऊ शकली नाही, भाऊ जिल्ह्याच्या सीमेवर अडला. उठावणा नाही, बैठक नाही. ‘सद्यःस्थितीत बैठक ठेवलेली नाही’ एवढा संदेश आला आणि त्याखाली हात जोडल्याची चित्रे. आपल्याला एरवी बैठकीचा कंटाळा येतो, पण तिचा खरा अर्थ आता कळतो. शंभर माणसे येऊन बसतात, फारसे बोलतही नाहीत, आणि गेलेला माणूस खरोखर गेला हे घरच्यांच्या मनाला हळूहळू पटते. ते घडले नाही म्हणून अनेक घरांत दुःख चार महिन्यांनंतरही पहिल्या दिवसाइतकेच ओले होते. अशा घरी आता फोन केला तर उशीर झाला असे समजू नये. ‘त्यांची एक आठवण सांगा’ एवढेच म्हणावे आणि मग ऐकावे.

तरुण मुलांचे दुःख वेगळे होते. आपल्या समाजातील कितीतरी मुले-मुली सनदी लेखापालाच्या परीक्षेला बसतात. मे महिन्यातील ती परीक्षा आधी जूनमध्ये, मग जुलैअखेरीस ढकलली गेली आणि जुलैच्या सुरुवातीला रद्द होऊन नोव्हेंबरच्या परीक्षेत मिळवली गेली. दोनदा शिखराशी नेऊन परत पायथ्याला आणल्यासारखी या मुलांची अवस्था झाली. त्यांना ‘आता तर अभ्यासाला भरपूर वेळ मिळाला’ असे सांगण्यात अर्थ नव्हता.

काळजी कुठे संपते, आजार कुठे सुरू होतो

अशा काळात काळजी वाटणे हा आजार नव्हे, ते मन जागे असल्याचे लक्षण आहे. परंतु उदासी किंवा धास्ती दोन आठवड्यांहून अधिक काळ, दिवसाचा बराचसा वेळ टिकली, झोप आणि भूक बिघडली, आवडीच्या गोष्टींत रस उरला नाही, साधे निर्णय घेता येईनात, ‘माझ्यामुळे सर्वांना त्रास’ असे शब्द तोंडी येऊ लागले, तर तो आजार समजून डॉक्टरांकडे जावे. आपल्याकडे हा आजार पुष्कळदा शरीराच्या वेशात येतो. छातीत धडधड, पोटात आग, पाठ धरणे, डोके जड. हृदयाची तपासणी आधी करून घ्यावीच, पण ती निर्दोष निघाल्यावर ‘काही झालेले नाही’ असा निष्कर्ष काढू नये. काही झालेले आहे, ते वेगळ्या जागी आहे एवढेच.

इथे घरातील जाणकार मंडळी एक गोष्ट हमखास म्हणतात, ‘हे आर्तध्यान आहे, ते सोडा, मन धर्मध्यानात लावा.’ आपल्या तत्त्वज्ञानाने आर्तध्यानाचे चार प्रकार फार सूक्ष्मपणे सांगितले आहेत. नको ते वाट्याला येणे, हवे ते हातून जाणे, शरीराची वेदना आणि पुढील सुखाची आसक्ती. या चार महिन्यांत व्यापाऱ्याच्या मनात जे जे चालले ते सारे या चौकटीत बसते आणि आपल्या आचार्यांनी मनाचा किती खोल अभ्यास केला होता याचे आश्चर्य वाटते. पण जो अजून निरोगी आहे त्याला सावध करणारे हे ज्ञान आहे. जो आजारी पडला आहे त्याला ते दूषण म्हणून ऐकवणे म्हणजे तापाने फणफणलेल्याला ‘गरम होऊ नकोस’ असे सांगण्यासारखे आहे. ‘कर्माचा उदय’ या शब्दांचेही तसेच. मधुमेह हाही वेदनीय कर्माचाच उदय मानणारे आपण इन्सुलिन मात्र वेळेवर घेतो. मग मनाच्या औषधाशीच एवढे वाकडे का?

औषधांविषयी दोन-तीन गोष्टी स्पष्ट माहीत असाव्यात. उदासीवरील औषधांचा पुरता गुण दिसायला दोन ते चार आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो. आठवड्याभरात ‘फरक नाही’ म्हणून ती सोडू नयेत, आणि बरे वाटले म्हणून एकदम बंदही करू नयेत. या औषधांचे व्यसन लागते ही भीती निराधार आहे. झोपेच्या काही गोळ्यांची सवय मात्र खरोखर लागू शकते, आणि लोक नेमक्या त्याच दुकानातून परस्पर आणून घेतात.

आता तपश्चर्येबद्दल. ज्यांना मानसिक आजाराची औषधे चालू आहेत त्यांनी उपवास, तेला किंवा अठाईचे पचक्खाण घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. लिथियमसारखे औषध घेणाऱ्यांच्या शरीरातील पाणी कमी झाले, तर रक्तातील त्याचे प्रमाण वाढून ते विषारी ठरू शकते. रात्रीची गोळी चौविहारामुळे चुकवली जाते असेही अनेक घरांत दिसते. ती सूर्यास्तापूर्वी घेता येईल का, असे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. पुष्कळदा वेळ बदलून मिळते. गोळी गुपचूप चुकवून केलेली तपश्चर्या घरच्यांना महागात पडते.

मनोविकारतज्ज्ञाच्या दवाखान्याची पायरी चढताना कोणी पाहील, ही आपली मोठी अडचण. ती या काळाने आपोआप दूर केली आहे. केंद्र शासनाने २५ मार्च रोजी, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, दूरध्वनी व चित्रफोनवरून वैद्यकीय सल्ला देण्याची नियमावली जाहीर केली. आज पुण्या-मुंबईतील तज्ज्ञाशी आपल्या खोलीतून बोलता येते. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेची विनामूल्य मदतवाहिनी २०२० मध्ये ०८०-४६११०००७ या क्रमांकावर होती, आणि मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही सेवाही फोनवर समुपदेशन करते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमासंरक्षण द्यायचे आहे. आपली आरोग्यविम्याची कागदपत्रे त्या दृष्टीने एकदा वाचून पाहावीत.

जून महिन्यात एका तरुण अभिनेत्याच्या मृत्यूनंतर दूरचित्रवाणीवर जो गदारोळ चालला, त्यातून संशय घ्यायला लोक शिकले, पण आपल्याच घरातील माणसाला काय विचारावे हे कोणी शिकवले नाही. ते असे आहे. एखादा माणूस अचानक वस्तू वाटून टाकू लागला, विम्याची आणि मृत्युपत्राची कागदपत्रे एकाएकी लावून ठेवू लागला, ‘माझ्यानंतर’ असे वारंवार बोलू लागला, तर त्याच्याजवळ बसून सरळ विचारावे, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ या प्रश्नाने तो विचार डोक्यात भरतो, हा गैरसमज आहे. उलट, कोणीतरी विचारले याचाच अनेकांना आधार वाटतो. उत्तर ‘हो’ आले तर उपदेश करू नये, शपथा घालू नयेत. त्याला एकटे सोडू नये, घरातील घातक वस्तू आणि औषधे दूर ठेवावीत आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीला नव्या कायद्याने गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखालील व्यक्ती मानले आहे. तेव्हा पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळण्याचे कारण नाही.

२०२० मध्ये ऑगस्टच्या उत्तरार्धात संवत्सरी आली. त्या वर्षी स्थानकात एकमेकांसमोर हात जोडता येण्याची शक्यता कमीच होती, आणि रंगीत चित्रांवर छापलेले ‘मिच्छामि दुक्कडम्’ फोनवर शेकड्यांनी येतात. ती चित्रे पुढे पाठवण्याऐवजी वीस नावांची यादी करावी. ज्यांचे दुकान सर्वाधिक काळ बंद राहिले, ज्यांच्या घरी मृत्यू होऊनही आपण जाऊ शकलो नाही, ज्यांच्याशी पैशांवरून बोलणे थांबले आहे आणि ज्यांच्याकडे आपलेच येणे आहे, असे वीस जण. त्यांना स्वतः फोन लावावा. क्षमायाचना झाल्यावर ‘धंदा कसा आहे?’ असे न विचारता ‘झोप लागते का?’ असे विचारावे आणि समोरचा बोलू लागला, की त्याला पुरते बोलू द्यावे.